बेदाण्याच्या थप्पीवरचा टॅग दसऱ्याआधीच का बंद पडायचा: वेक-अप रिसीव्हरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातलं एक कोल्ड स्टोरेज. नाव-गाव मुद्दाम देत नाही, मालकांशी तसं ठरलं आहे. चार चेंबर, भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. आत तापमान चार-पाच अंश. फेब्रुवारीपासून बेदाणा येऊ लागतो, मेपर्यंत चेंबर भरतात आणि मग माल थोडाथोडा सौद्याला निघत दिवाळीपर्यंत, कधी पुढच्या हंगामापर्यंतही आत राहतो. पंधरा किलोचे बॉक्स, लॉटागणिक थप्पी, दोन थप्प्यांच्या रांगांमध्ये गल्ली. भर हंगामात दोनेक हजार लॉट असतात.

सौद्याच्या आदल्या दिवशी अडत्याकडून लॉटची यादी येते आणि खरं काम तिथून सुरू होतं. रजिस्टरमध्ये चेंबर आणि गल्ली लिहिलेली असते. पण मधल्या काळात अर्धा लॉट निघालेला असतो, उरलेले बॉक्स जागा करायला दुसरीकडे सरकवलेले असतात. एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी, दोघांचाही हिरवा बेदाणा. शिवाय काही लॉट पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत किंवा बँकेकडे तारण असतात. असा लॉट चुकून बाहेर गेला तर भांडण पावतीवर, म्हणजे थेट मालकाच्या विश्वासावर येतं.

म्हणून मालकांनी एका पुरवठादाराकडून रेडिओ टॅग घेतले होते. काडेपेटीएवढा डबा, आत बटन सेल, छोटा एलईडी, बझर आणि तापमानाचा सेन्सर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लॉट नंबर टाकला की चेंबरमधला तो टॅग लुकलुकतो, वाजतो आणि तापमान कळवतो. बेदाण्याचा रंग उष्णतेनं काळवंडतो, त्यामुळे कुठल्या थप्पीत ऊब धरते आहे हे कळणंही मोलाचं होतं. पहिले काही महिने सगळे खूश होते.

अडचण

ऑगस्ट उजाडला आणि टॅग गप्प होऊ लागले. गणपतीपर्यंत निम्मे गेले, दसऱ्याला जवळजवळ सगळेच. म्हणजे मागणी वाढायच्या नेमक्या काळात यंत्रणा नाही. सेल बदलायचे तर प्रत्येक टॅग शोधायला हवा, आणि टॅग शोधायला तो वाजायला हवा. हमालांनी पुन्हा खडूनं बॉक्सवर नंबर घालायला सुरुवात केली.

पुरवठादाराचं म्हणणं होतं की थंडीमुळे सेल मरतात. ते अर्धंच खरं आहे. मालकांनी टॅग आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपवर आणून दिले, तेव्हा आम्ही आधी हिशेब मांडला. टॅगमधला रेडिओ दर सेकंदाला एकदा जागा होऊन सुमारे १० मिलिसेकंद ऐकायचा, त्या वेळी सुमारे ६ मिलिअँपिअर करंट घ्यायचा. सरासरी पडते ६० मायक्रोअँपिअर (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग). सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. भागाकार केला की ३,७५० तास येतात, म्हणजे पाच महिन्यांच्या वर काही दिवस. मार्चमध्ये लावलेला टॅग ऑगस्टात जाणारच होता. सेल बोलण्यात संपत नव्हता. लुकलुकणं, वाजणं, तापमान पाठवणं यांचा वाटा नगण्य होता. कुणी हाक मारतंय का, हे पाहण्यातच सगळा सेल खर्च होत होता.

पर्याय

मोठा सेल हा मालकांच्या मनातला पहिला पर्याय. डबा जाड झाला की बॉक्स रचताना तो चेपतो, आणि हमाल ओढाताणीत तो काढून ठेवतात. शिवाय रोग तसाच राहतो. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

बिनबॅटरीचा आरएफआयडी स्टिकर स्वस्त पडतो आणि त्याला मरण नाही. पण त्याला वीज वाचणाऱ्या यंत्राच्या लहरींतूनच मिळते, त्यामुळे पल्ला काही मीटरचा. थप्पीच्या आत पोचायच्या आधीच लहर मालात जिरते. हातात रीडर घेऊन गल्लीगल्ली फिरणं हे शोधणंच झालं. आवक-जावक नोंदवायला दारावर तो चांगला आहे आणि त्यासाठी तो पुढे घेतलाही.

ब्लूटूथचा विचार जास्त वेळ चालला. टॅग दर काही सेकंदांनी 'मी आहे' असं सांगतो आणि लगेच क्षणभर उत्तराची वाट पाहतो. एकेक टॅग धरला तर खर्च आटोक्यात आहे. पण दोन हजार टॅग दर दोन सेकंदांना बोलू लागले तर सेकंदाला हजार घोषणा होतात, त्याही पत्र्याच्या बंद खोल्यांत, जिथे आवाज बाहेर न जाता परत आपटतो. घोषणा एकमेकींवर आदळतात आणि हवा तो टॅग कधी ऐकू येईल याचा भरवसा राहत नाही. अंतर वाढवलं तर वाट पाहणं वाढतं. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला मालातला ओलावा जास्त नडतो.

मग उरतो सर्वांत साधा पर्याय: सेकंदाऐवजी दर दहा सेकंदांनी ऐकायचं. सरासरी ६ मायक्रोअँपिअरवर येते, कागदावर चार वर्षांचं आयुष्य. पुरवठादारानं सेटिंग बदलून दोन डझन टॅग दिलेही. इथे एक गोष्ट उघड झाली आणि ती मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. टॅग दहा सेकंदांनी ऐकणार असेल तर हाकही दहा सेकंद लांब मारावी लागते, म्हणजे झोपलेला कधीतरी तिच्यात सापडतो. या टॅगच्या पद्धतीत आधी लांब सूर आणि लॉटचा पत्ता अगदी शेवटी. त्यामुळे सूर ऐकलेला चेंबरमधला प्रत्येक टॅग, हाक आपल्याला आहे का हे कळेपर्यंत, सरासरी पाच सेकंद जागा राहायचा. ६ मिलिअँपिअरनं पाच सेकंद म्हणजे एका हाकेला ८ मायक्रोअँपिअर-तासांहून थोडं अधिक. सौद्याच्या दिवसांत २०० हाका धरल्या तर रोज १.७ मिलिअँपिअर-तास, तेही दुसऱ्याच्या हाका ऐकण्यात. म्हणजे हंगामात खर्च पुन्हा जुन्या टॅगच्या पंगतीत, उलट थोडा जास्तच.

यावर उपाय आहे. लांब सुराऐवजी पत्ता असलेलं छोटं पॅकेट दहा सेकंदभर पुन्हापुन्हा पाठवायचं. टॅग जागा होतो, पत्ता वाचतो, आपला नाही म्हणून लगेच झोपतो. पण त्यासाठी टॅगमधला प्रोग्रॅम बदलायला हवा होता. कोड पुरवठादाराच्या ताब्यात, करारात त्याबद्दल एक ओळ नाही, आणि त्यांनी नकार दिला.

वेक-अप रिसीव्हर

आता राहिला शेवटचा पर्याय. घर झोपलेलं असताना ओसरीवर एकानं कान टवकारून पडावं, तशी ही रचना असते. टॅगचा मुख्य रेडिओ पूर्ण बंद. त्याच्या शेजारी दुसरा, अगदी अडाणी रिसीव्हर चोवीस तास चालू. त्याला संदेश वाचता येत नाही. ठरलेल्या पद्धतीनं चालू-बंद होणारी लहर आली एवढंच तो ओळखतो आणि मुख्य रेडिओला उठवतो.

हे तंत्र नवं नाही, पण आता मानकांत येतंय. वाय-फायसाठी आयईईई ८०२.११बीए हे मानक २०२१ मध्ये आलं. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी संस्थेनं रिलीज १८ या आवृत्तीत कमी वीज खाणाऱ्या वेक-अप सिग्नलचा अभ्यास हाती घेतला. मालकांच्या मुलानं वाय-फायचं मानक वाचून तेच वापरू असं सुचवलं होतं. तिथलं उद्दिष्ट एक मिलिवॅटच्या आतलं आहे. फोनला ते थोडं वाटेल, पण ३ व्होल्टच्या सेलमधून एक मिलिवॅट म्हणजे ३३३ मायक्रोअँपिअर. आपला बटन सेल महिनाही पुरला नसता. आम्हाला हवी होती त्याच्या शंभरपट खालची गोष्ट.

ती मिळते अँटेनानंतर फक्त शॉट्की डायोडचा डिटेक्टर आणि त्यामागे एएस३९३३ सारखी कमी फ्रिक्वेन्सीची वेक-अप चिप जोडून. डायोडला वीज लागत नाही, चिप दोन-तीन मायक्रोअँपिअरवर चालते. ८६६ मेगाहर्ट्झची लहर १२५ किलोहर्ट्झच्या तालानं चालू-बंद करून पाठवायची. डायोड तिच्यातून ताल बाहेर काढतो आणि चिप तो ओळखते. वर्षभर अखंड ऐकण्याचा खर्च सव्वीस-सत्तावीस मिलिअँपिअर-तास.

मात्र याची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक, आकडा जितका खाली तितका सिग्नल क्षीण. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओच्या चांगल्या रिसीव्हरला उणे १३० डीबीएमच्याही खालचं ऐकू येतं. या डायोडला साधारण उणे ५२ च्या वरचंच कळतं. शेतात, लांब अंतरावर, हा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. चेंबरची गोष्ट वेगळी: लांबी तीसेक मीटर आणि बाहेर पाठवायचं काहीच नाही. ३० मीटरवर मोकळ्या हवेत ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६१ डेसिबलनं क्षीण होते. टॅग वापरतो तसल्या १४ डीबीएमच्या ट्रान्समीटरनं हाक मारली तर हातात फक्त पाच डेसिबल उरतात, आणि दोन थप्प्या आड आल्या की संपलं. पण हाक मारणारा तर भिंतीवर आहे आणि त्याला मेनलाईनची वीज आहे. तिथून २७ डीबीएम, म्हणजे अर्धा वॅट सोडला तर १८ डेसिबल शिल्लक राहतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे आणि त्यात एक वॅटपर्यंत मुभा आहे, उपकरणाला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाची मान्यता मात्र लागते. म्हणजे सेलवर चालणाऱ्या टॅगचा भार मीटरवर चालणाऱ्या ट्रान्समीटरनं उचलायचा. एकदा हे पटलं की निर्णय सोपा झाला.

काय केलं

वेक-अप चिपचे टॅग आमच्याच बोर्डावर बनवले, पण चारही चेंबरला एकदम हात घातला नाही. मालक म्हणाले, "एक हंगाम एक चेंबर बघा, मग बोला." तो आग्रह योग्य होता.

पहिला प्रश्न टॅगच्या जागेचा. जुने टॅग बॉक्सच्या कुठल्याही बाजूला लागायचे. चार बॉक्स आत गेलेल्या टॅगला १८ डेसिबल पुरत नाहीत, हे पहिल्याच मोजणीत दिसलं. म्हणून टॅग गल्लीच्या तोंडालाच, छातीच्या उंचीवर लावायचं ठरलं. थप्पीच्या पोटातलं तापमान हवंच होतं, त्यासाठी निवडक टॅगना हातभर वायर जोडून सेन्सर आत सरकवला. रेडिओ बाहेर, सेन्सर आत. पत्र्याच्या खोलीत लहरी आपटून काही ठिकाणी एकमेकींना मारतात, त्यामुळे समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन अँटेना लावून हाक आळीपाळीनं मारली.

पल्ला मोजायचा म्हणून सुरुवातीला चिपची पॅटर्न तपासणी बंद ठेवली होती. १२५ किलोहर्ट्झचा ताल दिसला की उठायचं, एवढंच. किती वेळा उठलो याची मोजदाद टॅग स्वतः ठेवायचा. आकडे उतरवल्यावर एक विचित्र चित्र दिसलं. आतल्या गल्ल्यांतले टॅग हाकांएवढेच उठले होते आणि दाराजवळचे त्याच्या कितीतरी पट. आम्ही ट्यूबलाईट तपासल्या, कूलिंग युनिटच्या मोटरी तपासल्या. मुकादम जवळ उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "सायेब, आत रेंज न्हाई. समदी दारात येऊन फोन लावत्यात."

तेच होतं. डायोडला फ्रिक्वेन्सी निवडता येत नाही, ८६६ आणि ९०० त्याला सारखेच. ४जी फोनच्या लहरीची ताकद सतत वरखाली होते आणि त्या चढउतारात १२५ किलोहर्ट्झचा अंशही येतो. त्यातून दारात रेंज अर्धवट असल्यानं फोन जास्तीत जास्त ताकदीनं बोलतो, तोही टॅगपासून हातभर अंतरावर. दोन उपाय केले. अँटेनापुढे ८६६ साठीचा सॉ फिल्टर, म्हणजे तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला आत सोडणारी गाळणी, बसवला, त्यात दोन-तीन डेसिबल गेले. आणि १६ बिटांची पॅटर्न तपासणी चालू केली, म्हणजे ताल जुळला तरी पुढचा आकृतिबंध जुळल्याशिवाय प्रोसेसर उठत नाही. दाराजवळचे आकडे आतल्यांच्या बरोबरीला आले.

प्रत्येक टॅगला स्वतंत्र पॅटर्न द्यायचा मोह होता. पण क्षीण सिग्नलमध्ये जवळजवळचे पॅटर्न एकमेकांत गल्लत करतात. म्हणून पॅटर्न गल्लीला दिला. हाकेनं गल्लीतले सगळे टॅग उठतात, मुख्य रेडिओ ५० मिलिसेकंद चालू करून लॉट नंबर ऐकतात, आणि ज्याचा नाही तो झोपतो. परक्या हाकेचा खर्च ८ मायक्रोअँपिअर-तासांवरून ०.१ च्या खाली आला.

थंडीचा प्रश्न खरा निघाला, पण पुरवठादार सांगत होता त्या अर्थानं नाही. चार अंशांवर बटन सेलचा अंतर्गत रोध वाढतो. टॅगनं उत्तर पाठवायला २५-३० मिलिअँपिअर ओढले आणि त्याच वेळी बझर वाजला की व्होल्टेज कोसळून टॅग रिसेट व्हायचा. सेलमध्ये जीव असूनही टॅग मेल्यासारखा दिसायचा. जुन्या 'मेलेल्या' टॅगपैकी काही असेच होते. सेलशेजारी मोठा कपॅसिटर टाकला, आधी उत्तर, मग एलईडी, मग बझर असा क्रम लावला.

एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टॅग थंडीतून बाहेर आला की त्याच्यावर दव धरतं. बोर्डावर ओलाव्याची पातळ साय राहिली आणि तिचा रोध एक मेगाओहम भरला, तर ३ व्होल्टला ३ मायक्रोअँपिअर तिथूनच गळतात. म्हणजे सगळ्या रिसीव्हरचा खर्च दुप्पट. मिलिअँपिअरच्या जगात हे दिसतसुद्धा नाही. बोर्डांना वार्निशचा थर दिला आणि बाहेर आलेले टॅग कोरडे केल्याशिवाय पुन्हा आत लावायचे नाहीत असं ठरवलं. हे काम मुकादमांनी स्वतःकडे घेतलं.

काय झालं

त्या चेंबरचे टॅग दसरा-दिवाळी ओलांडून चालू राहिले. पूर्ण टॅगचा निवांत खर्च, प्रोसेसरच्या झोपेसकट, ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास मोजला. वर्षाला ४४ मिलिअँपिअर-तास. कागदावर पाच वर्षं होतात. सेलचं वय आणि थंडी धरून मी मालकांना तीन हंगामांचाच शब्द दिला आहे.

हाक मारल्यापासून टॅग लुकलुकेपर्यंत क्षणभरही थांबावं लागत नाही. यादीतले लॉट एकापाठोपाठ पेटत जातात आणि हमाल गल्लीच्या तोंडाशी उभा राहून कुठे जायचं ते बघतो. नव्या, परगावच्या हमालांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मुकादमांना चेंबर पाठ आहे, त्यांना टॅग लागत नाही आणि ते तसं सांगतातही.

सगळं सुटलं नाही. मागच्या कोपऱ्यातल्या खांबाआडचे काही टॅग कधी उठतात, कधी नाही. तिथे तिसरी अँटेना लागेल. घाईत टॅग थप्पीच्या आतल्या बाजूला लागला तर तो हरवल्यातच जमा. खडू आणि रजिस्टर अजून चालू आहे, आणि मला ते चालूच राहायला हवं आहे.

वेगळं काय करता येईल

खरेदीच्या वेळी 'सेल किती टिकेल' एवढंच विचारलं गेलं होतं. त्याऐवजी टॅग दर किती वेळानं ऐकतो, ऐकताना किती करंट घेतो आणि दुसऱ्याला मारलेल्या हाकेवर काय करतो, हे तीन प्रश्न विचारले असते तर भागाकार मालकांनीच केला असता. तिसरा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नसतो आणि गर्दीच्या यंत्रणेत तोच सेल खातो.

कोडची अट करारात असती तर हे प्रकरण कदाचित वेक-अप रिसीव्हरपर्यंत आलंच नसतं. दहा सेकंदांचं ऐकणं आणि पत्ता घातलेली छोटी पॅकेटं, एवढ्यावर जुनेच टॅग ६ मायक्रोअँपिअरवर आले असते. आमच्या नव्या टॅगपेक्षा फार वाईट नाही, आणि हार्डवेअरचा खर्च शून्य. दहा सेकंदांची वाट ही त्याची किंमत. सगळी यादी एकदम पाठवली तर तीही फारशी जाणवली नसती. वेक-अप रिसीव्हरचा मी पक्षपाती आहे, तरी हे लिहिलं पाहिजे.

चाचणीचा क्रमही बदलता येईल. आम्ही रिकाम्या चेंबरमध्ये पल्ला मोजून सुरुवात केली. तिथले आकडे छान येतात आणि फसवतात. भरल्या चेंबरमध्ये, दार उघडझाप होत असताना, माणसं फोनवर बोलत असताना मोजायला हवं. तसंच मुकादमांना पहिल्या दिवशी सोबत घेतलं असतं तर दारातल्या फोनचं कोडं ट्यूबलाईट उघडायच्या आधीच सुटलं असतं.

येत्या हंगामात दुसऱ्या चेंबरला वेक-अप टॅग लागतील. तिसऱ्यात आमच्याच बोर्डावर वेक-अप चिप न बसवता, दर दहा सेकंदांनी ऐकणारा आमचा प्रोग्रॅम घालून टॅग ठेवणार आहोत. दोन्ही चेंबरचे सेल दर महिन्याला भाराखाली मोजायचे, परक्या हाकांची मोजदाद ठेवायची आणि दिवाळीनंतर चौथ्या चेंबरचं ठरवायचं.